लिस्पची सीशी सोयरीक

मसुदा पहिला
(कल्याण सरांनी तोंडी सांगितला, भावनानं उतरून घेतला)

मी, भावना राजानंद खरात, राहणार जाफराबाद, लिहून देते की सोमवारी दुपारी मिलमध्ये घडलेला प्रकार माझ्या प्रोग्राममुळे घडला. मी वापरलेली लिस्प ही भाषा अशा कामाला योग्य नाही. भट्टीचं तापमान मोजणाऱ्या उपकरणासोबत आलेली लायब्ररी निर्दोष असून

इथं पेन थांबलं.

"असून," कल्याण सर पुन्हा म्हणाले. "निर्दोष असून. पुढे लिहा."

"निर्दोष हाय का न्हाई ते अजून बघितलं न्हाई, सर."

"मी बघितलंय ना."

"मंग तुम्ही लिहून द्या."

टेबलापलीकडे तातेराव बसले होते, मिलचे मॅनेजर. त्यांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं. हसू होतं की खोकला, कळायला मार्ग नव्हता.

जालन्याच्या एमआयडीसीतली ही सळया पाडणारी मिल. भावना दीड वर्षापासून इथं कंत्राटावर प्रोग्राम लिहीत होती. कल्याण सर सल्लागार. आठवड्यातून एकदा संभाजीनगरहून गाडीनं यायचे. तापमानाचं उपकरण आलं होतं तेही त्यांच्याच ओळखीच्या डीलरकडून.

सोमवारी काय झालं ते तिघांनाही पाठ होतं. भट्टीजवळच्या पडद्यावर आकडा पुरेसा दिसला म्हणून लोखंडाची लांबट लगड बाहेर काढली. ती आतून अर्धीच तापलेली होती. रोलमध्ये शिरली ती अडली, मागून रेटा आला आणि लालभडक सळई वाट सोडून छताकडं उसळली. केबिनची काच फुटली. एका कामगाराच्या बाहीला भोक पडलं, हात वाचला. हात वाचला म्हणूनच आता सगळं कागदावर आलं होतं. नसता वाचला तर पोलिसांत गेलं असतं.

"साधी गोष्ट आहे," कल्याण सर म्हणाले. "ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तापमान बरोबर. भट्टीजवळच्या बोर्डावर चूक. लायब्ररी दोन्हीकडे एकाच कंपनीची, एकच. मग चूक कुठे? मधे तुम्ही जे कंसांचं जंगल उभं केलंय त्यात."

हे बिनतोड होतं. निदान तसं वाटत तरी होतं. तातेरावांनी मान हलवली.

"शुक्रवारी अकरापर्यंत सही करून द्या. मालकांना कागद लागतो. कागद आला की विषय संपला, तुमचं कंत्राटही चालू. सीमध्ये नवा प्रोग्राम लिहा, माझं काही म्हणणं नाही. आणि नाही दिलात, तर..." त्यांनी कागद स्वतःकडं फिरवला, वरचं नाव वाचलं. "खरात. जाफराबाद. बरं."

त्या 'बरं'मध्ये काय काय भरलेलं असतं ते भावना शाळेत जायला लागल्यापासून ऐकत होती. तिनं ते उचललं नाही, टेबलावरच राहू दिलं.

"मला ते मशीन पायजे," ती तातेरावांना म्हणाली. "बोर्ड, प्रोबची पेटी, पाचही प्रोब. शुक्रवारी आणून देते."

"न्या ओ ताई. काढूनच ठेवलंय. भंगारात जायच्या आधी जरा फिरून येईल बिचारं."

जंगलाविषयी

मिलमध्ये मशिनं तीन आणि तिन्ही तीन तऱ्हेची. ऑफिसात विंडोज. केबिनमध्ये पंधरा वर्षांचा जुना डबा, जो बंद पडत नाही म्हणून कुणी बदलत नाही. भट्टीजवळ तळहाताएवढा उघडा कॉम्प्युटर, लिनक्सवर चालणारा, तोच बोर्ड. भावनाचा प्रोग्राम लिस्पमध्ये, कारण लिस्पमध्ये चालता प्रोग्राम न थांबवता त्यातला नियम बदलता येतो, आणि भट्टी थांबवणं कुणालाच परवडत नाही. पण तिन्हीकडं नीट चालेल अशी एकच लिस्प तिला सापडली नाही. म्हणून तीन मशिनांवर तीन लिस्प.

उपकरणाशी बोलायचं तर त्याची लायब्ररी, म्हणजे कंपनीनं दिलेला तयार प्रोग्राम, सी या भाषेत लिहिलेली. आणि सीशी बोलायची प्रत्येक लिस्पची रीत न्यारी. एकीला आधी नाव सांगावं लागे, दुसरीला आधी माप, तिसरी सरळ पत्ताच मागे. जगात लोकांनी यासाठी तयार पूल बांधून ठेवले होते, चांगले होते, पण तिची तिसरी लिस्प त्यांच्या यादीत नव्हती. तिनं त्यांच्या गटावर विचारलं. उत्तर आलं, ती लिस्प आता कुणी वापरत नाही.

"मी वापरून राह्यले," भावनानं मराठीतच उत्तर टाकलं आणि स्वतःचा पूल बांधायला घेतला.

नाव ठेवलं सोयरीक. दोन्ही घरं आपापल्या जागी राहणार, कुणी कुणाचा धर्म बदलायचा नाही, फक्त देण्याघेण्याचं आधी स्वच्छ ठरवायचं. वर आठ शब्द, बास. खाली प्रत्येक लिस्पसाठी वेगळी जोडणी. तिन्ही लिस्पना जमतं तेवढंच वर येणार. एकीलाच येते अशी करामत, कितीही गोड असली तरी, वर येणार नाही. आठ महिने गेले. शब्दही तिनं देवनागरीत ठेवले:

(सोयरीक ताप-नोंद
    (क्रमांक  पूर्णांक)
    (वेळ      लाँग)
    (ताप      पूर्णांक 5))

"मराठीत प्रोग्राम!" कल्याण सर पहिल्यांदा बघून हसले होते. "हे कळणार कुणाला?"

"मला. आन् माझ्या मागून येणाऱ्या पोरीला."

आता यातली 'वेळ' बघा. सीमध्ये लाँग नावाचा आकडा असतो. तो विंडोजवर चार बाइटचा आणि बोर्डावरच्या लिनक्सवर आठचा. एकाच नावाची दोन मापं. हे ज्याला माहीत नाही त्याचा प्रोग्राम एका मशीनवर धावतो आणि दुसऱ्यावर तोंडावर पडतो. भावनाला माहीत होतं. म्हणून तिनं एकही माप हातानं लिहिलं नव्हतं. तिनं एक छोटा प्रोग्राम केला होता, मापाडी. मार्केट यार्डात मापाडी असतो तसा; तो ना शेतकऱ्याचा, ना आडत्याचा. प्रत्येक मशीनवर तो आधी जायचा, लायब्ररीसोबत आलेली सीची घोषणा, म्हणजे कुठला आकडा किती जागा घेतो त्याचा कागद, वाचायचा, आणि 'इथं लाँग एवढा, ही जागा इथून सुरू' असं लिस्पला लिहून द्यायचा.

मापाडीनं बोर्डावर लिहून दिलं होतं: नोंद चाळीस बाइटची. पहिल्या प्रोबचा आकडा सोळापासून.

मग चुकलं कुठं?

गुरुवार, सकाळी सात, जुना जालना

शाहबाजचं लेथचं दुकान. कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत मागच्या अंगाला, वडील महेमूदभाईंनी टाकलेलं. शाहबाज आणि भावना पॉलिटेक्निकला एका बाकावर होते. तो दोन वर्षांत बाहेर पडून लेथवर उभा राहिला, ती कंसात शिरली. तिला हे दुकान हवं होतं ते इन्व्हर्टरसाठी. चार बॅटऱ्या, लाईट गेली तरी दिवसभर हलत नाही.

"बोल इंजिनेर, काय काय लागतंय?"

"बर्फ. गरम चहाची किटली. तुझा गॅस कटर."

"लग्न हाय का कुणाचं?"

"सोयरीक मोडायला निघालेत, ती वाचवायची."

तिनं पेटी जोडली. पाच प्रोब, म्हणजे ताप मोजायच्या हातभर लांबीच्या नळ्या, प्रत्येकीवर नंबर. पहिला बर्फाच्या बादलीत. तिसरा किटलीत. पाचव्याचं टोक कटरच्या ज्योतीसमोर. दुसरा आणि चौथा नुसते बाकावर. मिलमधला जुना प्रोग्राम जसाच्या तसा चालू केला. भट्टीजवळच्या पडद्यावर पहिल्या तीनच प्रोबचे आकडे दिसायचे, तसेच इथंही दिसले.

पहिला: ७१
दुसरा: २९
तिसरा: ६४०

शाहबाजनं बादलीत बोट घातलं. "एकाहत्तर? यार, बोट गोठलं माझं."

"बर्फ एकाहत्तर नसतो. चहा असतो. हा तिसऱ्याचा आकडा हाय. पहिल्याच्या जागी तिसरा बसलाय, तिसऱ्याच्या जागी पाचवा."

"म्हणजे सोमवारी..."

"तिसरा प्रोब बघून लगड काढतेत. पडद्यावर दिसत होता पाचवा. पाचवा भट्टीत सगळ्यात गरम."

बाहीला भोक पडलेल्या कामगाराला ती ओळखत होती. रोज डब्यातलं लोणचं द्यायचा.

पण हे 'काय' झालं. 'का' अजून बाकी होतं, आणि कल्याण सरांना 'का'च लागणार. मापाडीनं घोषणा वाचून मोजलं होतं. म्हणजे मापाडीनं कागद मोजला होता. माल कुणीच मोजला नव्हता.

तिनं चाळीस बाइटची जागा घेतली आणि प्रत्येक बाइटमध्ये एकच खूण भरली, सत्त्याहत्तर. चाळीस डबे, चाळिसांत सत्त्याहत्तर. मग लायब्ररीला सांगितलं, भर. आणि कुठल्या डब्यातली खूण पुसली ते बघितलं.

×× ×× ×× ×× ×× ×× ×× ××
×× ×× ×× ×× ×× ×× ×× ××
×× ×× ×× ×× ×× ×× ×× ××
×× ×× ×× ×× ७७ ७७ ७७ ७७
७७ ७७ ७७ ७७ ७७ ७७ ७७ ७७

"अगं, हे तर आमचं नीळ लावणं झालं," शाहबाज खांद्यावरून वाकून म्हणाला. "दोन पार्ट बराबर बसतेत का बघायला एकाला नीळ लावायची. जिथं पुसली तिथं टेकलं."

"मंग मोज किती टेकलं ते."

"अठ्ठावीस."

"शंभर टक्के? एखाद्या डब्यात लायब्ररीनंच सत्त्याहत्तर टाकलं आसंल तर?"

"तू कुणावर विश्वास ठेवती का गं?"

तिनं दुसऱ्यांदा अठ्ठ्याऐंशी भरून बघितलं. तिसऱ्यांदा एकशे नव्वद. अठ्ठावीस. अठ्ठावीस. कागदावर चाळीस, मालात अठ्ठावीस. क्रमांकाचे चार, वेळेचे चार, पाच प्रोबचे वीस. कागद म्हणत होता वेळ लाँग, म्हणजे बोर्डावर आठ, वर आठाच्या पटीत बसवायला त्याच्या आधी चार आणि शेवटी चार रिकामे. लायब्ररी भरत होती चारच. विंडोजचा कागद कुणीतरी बोर्डाच्या लायब्ररीला तसाच डकवला होता. विंडोजवर लाँग चारचाच, म्हणून ऑफिसातला आकडा बरोबर आणि बोर्डावरचा सरकलेला. तातेरावांना फोन करून मिलचं रजिस्टर बघायला लावलं, तारीखही लागली: डीलरचा माणूस शनिवारी येऊन नवी लायब्ररी टाकून गेला होता. भावनाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारपर्यंत तिनं मापाडीला नवी शिकवण दिली. कागद वाच, पण त्यावर थांबू नको. खूण भर, पूस, मोज. दोन्ही जुळले तर पुढं. नाही जुळले तर तोंडावर सांगायचं, कागद बाजूला ठेवून मालाचं माप लिहून द्यायचं आणि मगच सोयरीक सुरू होऊ द्यायची.

किटली पुन्हा गरम केली. पहिला: ३. तिसरा: ५८. पाचवा पडद्यावर नव्हता, पण त्याची जागा आता बरोबर होती.

"झालं!" शाहबाजनं लेथ बंद केलं. "आता त्या साहेबाला म्हणावं, तुमचा माल आन् तुमचा कागद, बसा जोडत."

"चालू दे अजून. सकाळपासून बोर्ड बंद केला न्हाई मी. दिवसभर चालला असा पुरावा राहील."

पुराव्याची हौस अंगाशी येते ती अशी.

साडेपाच

शाहबाजनं नवा चहा मागवला आणि सवयीनं किटलीत तिसरा प्रोब बुडवला. पडद्यावर ३१.

त्यानं प्रोब हलवला. ३१. काढून हातात धरला, भाजला, ओरडला. ३१.

हे लायब्ररीचं नव्हतं. हे काय आहे ते तिला बघताक्षणी कळलं, कारण ते तिनं स्वतः केलं होतं.

लिस्प आपलं घर आपणच झाडते. न लागणाऱ्या वस्तू टाकते, आणि मोकळी जागा एका बाजूला करायची म्हणून लागणाऱ्या वस्तूही मधूनच हलवते. घरातल्या सगळ्यांना नवी जागा सांगते. सी घरातला नाही. त्याला कुणी सांगत नाही. तो जुन्या जागीच भरत बसतो. म्हणून सोयरीकचा पहिला नियम असा की सीला द्यायचं ताट बाहेर अंगणात मांडायचं, घरात नाही. नियम तिचाच. दोन जोडण्यांत तिनं तो पाळला होता. बोर्डावरच्या तिसऱ्या लिस्पमध्ये अंगणात जागा मिळवणं फार किचकट होतं, आणि एका संध्याकाळी, जल्दीत, तिनं घरातलाच पत्ता देऊन टाकला. नंतर बघू म्हणून. चाललं. चालतच राहिलं.

कारण तिनं ते तपासलं होतं जाफराबादला, घरी, तसल्याच दुसऱ्या बोर्डावर. तिथं चार-पाच तासांत लाईट जातेच. गेली की बोर्ड बंद, आली की नव्यानं चालू. सहा महिने तपासलं, पण एकदाही तो बोर्ड सलग दहा तास जागा राहिला नव्हता. लिस्पवर घर हलवायची वेळच आली नव्हती. आज इन्व्हर्टरवर, साडेदहा तासांनी, आली.

"सोमवारचं यानं झालं?" शाहबाजनं हळूच विचारलं.

तिनं सोमवारची नोंद पुन्हा उघडली. आकडे शेवटपर्यंत बदलत होते. सरकलेले होते, पण गोठलेले नव्हते. "न्हाई. सोमवारचं त्यांचंच. पण हे उद्या झालं आसतं."

"मंग दुरुस्त कर आन् गप बस."

"दुरुस्त तर करतेच."

"गप बसायचं म्हणलो मी."

"लिहून देणार हाय."

शाहबाज स्टुलावरून उठला. "येडी झाली का? तो माणूस तुला लटकवायला दोरी शोधून राह्यला, आन् तू त्याला दोरी नेऊन देती? कुणाला म्हाइत हाय हे? मला. मी सांगतो का?"

"मला म्हाइत हाय."

"मोठी आली! ते लोक अशी चूक कधी लिहून देतेत का? मंग तूच का द्यायची?"

"ते देत न्हाईत म्हणून त्यांची चूक माझ्या नावावर टाकाया निघालेत. मी लपवली तर माझ्यात आन् त्यांच्यात काय राह्यलं? शाहबाज, माझी चूक मीच सांगंल, ओळीच्या नंबरासकट. पण दुसऱ्याची एक ओळ उचलणार न्हाई. अर्धी सुद्धा न्हाई."

"कंत्राट गेलं म्हंजे मंग माझ्याकडं लेथला ये."

"येते. तुझं लेथ पण नीट करंल."

तो हसला नाही. पण निघताना बोर्ड त्यानंच जुन्या कापडात गुंडाळून दिला आणि स्टँडपर्यंत गाडीवर सोडलं. एसटीत तिनं मांडीवर लॅपटॉप ठेवून ओळ दोनशे बारा बदलली.

मसुदा चौथा
(दुसरा आणि तिसरा फाडला, दोन्हींत ती जास्त रागावलेली होती)

मी, भावना राजानंद खरात, लिहून देते की:

उपकरणाच्या लायब्ररीसोबतचा कागद आणि लायब्ररी यांची मापं बोर्डावर जुळत नाहीत. कागद चाळीस बाइट सांगतो, लायब्ररी अठ्ठावीस भरते. त्यामुळे पहिल्याच्या जागी तिसऱ्या आणि तिसऱ्याच्या जागी पाचव्या प्रोबचं तापमान दिसलं. सोमवारचा प्रकार यामुळे घडला. ही चूक माझी नाही. मी फक्त कागद मोजला, माल मोजला नाही, एवढा भाग माझा.

माझ्या सोयरीक या प्रोग्रामच्या ओळ २१२ वर मी लिस्पच्या ताब्यातल्या जागेचा पत्ता सीला दिला. बोर्ड सुमारे दहा तास सलग चालला की आकडा गोठतो. ही चूक पूर्ण माझी आहे. सोमवारशी तिचा संबंध नाही. काल दुरुस्त केली.

लिस्प अशा कामाला योग्य आहे.

शुक्रवार, अकराला पाच कमी

कल्याण सरांनी कागद वाचला. पहिला परिच्छेद भरभर, दुसरा सावकाश. मग चेहरा खुलला.

"बघा तातेराव. कबूल केलं. स्वतःच्या हातानं."

"मी वरचंपण लिहिलंय, सर."

"वरचं तुमचं मत झालं."

"मत न्हाई. तुमचा चहा द्या."

"काय?"

चहा नुकताच आला होता. भावनानं पेटी टेबलावर ठेवली, तिसरा प्रोब सरांच्या कपात उभा केला, पहिला तातेरावांच्या पाण्याच्या ग्लासात. जुना प्रोग्राम लावला.

"तातेराव काका, पहिला प्रोब कुठं हाय?"

"माझ्या पाण्यात."

"पडद्यावर पहिला काय म्हणतो?"

तातेरावांनी चष्मा वर केला. "अडुसष्ट." त्यांनी ग्लास हातात घेतला, एक घोट प्यायले आणि परत ठेवला. "गार हाय की ओ!"

"सर, तुमच्या कपातला प्रोब जरा बाहेर काढा."

कल्याण सरांनी काढला नाही. तातेरावांनी काढला. पडद्यावर 'पहिला' अडुसष्टवरून उतरायला लागला, पासष्ट, एकसष्ट, बावन्न, आणि ग्लासातल्या प्रोबला कुणी हातही लावला नव्हता.

नंतर भावनानं खुणांचे चाळीस डबे दाखवले, तीन वेळा. अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस.

"यात काहीतरी सेटिंग असणार," कल्याण सर म्हणाले. "मी डीलरशी बोलतो. पण तातेराव, दुसरा मुद्दा तर निर्विवाद आहे ना? तेवढाच ठेवू."

तातेराव माणूस वाईट नव्हते. वीस वर्षं मालक आणि कामगार यांच्यामधे उभं राहून त्यांना अर्धं-अर्धं करायची सवय लागली होती. "ताई, ऐका माझं. वरचं गाळून टाका. खालचं राहू द्या. तुमची चूक तुम्ही मान्य केली, दुरुस्त केली, मालकाला पण बरं वाटंल. कंत्राट दोन वर्षं वाढवून देतो, हितं, आत्ता. डीलरशी वाकडं घेऊन आपल्याला काय करायचं?"

"बोर्ड परत भट्टीजवळ लागणार ना?"

"लागंल."

"मंग उद्या डीलर आणखी एक लायब्ररी टाकून गेला तर? तिसऱ्या प्रोबजवळ तुम्ही उभे राहत न्हाई काका, मी पण न्हाई. ज्याची बाही जळाली तो राहतो. दोन्ही मुद्दे राहतील. न्हाईतर दोन्ही परत द्या, मी मालकाला टपालानं पाठवते."

"इतका ताठा बरा नाही," कल्याण सर म्हणाले. "तुम्हाला संधी दिली होती आम्ही."

"संधी न्हाई दिली सर, काम दिलं होतं. ते मी केलं." तिनं पिशवीतून कागदाची दुसरी प्रत काढून तातेरावांपुढं ठेवली. "याच्यावर पोच द्या. शिक्का, सही, तारीख."

"पोच कशाला? मी हाय ना."

"तुम्ही हाव. पोच पण पायजे."

तातेरावांनी ड्रॉवर उघडलं, शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला. तिसऱ्यांदा कागदावर. सही केली. भावना तशीच उभी राहिली, म्हणून तारीखही टाकली.

"एक सांगा," कल्याण सरांचा आवाज आता थोडा खाली आला होता. "ही तुमची दुसरी चूक. दहा तासांनी गोठतो म्हणता. मिलमध्ये आजपर्यंत एकदाही गोठलेला नाही. मग ती खरी कशावरून? नाहीतर दुरुस्त झाली ते तरी कशावरून?"

प्रश्न चांगला होता. भावनाला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं, आणि तिनं तसं सांगितलं.

उत्तर तातेरावांकडून आलं, जरा ओशाळत. "पाळी बदलली की सुपरवायझर सगळी मशिनं बंद-चालू करतो. आठ तासाला. जुनी सवय हाय, मीच लावलेली. मशीन ताजं राहतं म्हणून."

"दर आठ तासाला?" भावना म्हणाली.

"सात, तीन, अकरा."

घरी ती चूक लाईटनं झाकली होती, इथं सवयीनं. "मंग आज लावा. डीलरनं उपकरणासोबत दिलेला प्रोग्राम एका पडद्यावर, माझा दुसऱ्यावर, शेजारी शेजारी. आन् कुणी बंद करायचं न्हाई. दहा तास, बारा तास, काय व्हायचं ते सगळ्यांपुढं होऊ द्या. गोठला तर पहिला मुद्दा मी माझ्या हातानं खोडते."

"तो मुद्दा वेगळा आहे, त्याचा याच्याशी काय..." कल्याण सर बोलता बोलता थांबले. आपण कुणाची बाजू घेतोय ते त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"मला म्हाइत हाय वेगळा हाय," भावना म्हणाली. "तरी बोलले."

साडेबाराला वायरमननं दोन्ही पडदे लावले. भट्टीची धग इथं गालावर बसते. पाच प्रोब आत, तीन आकडे डावीकडं, तीन उजवीकडं. डावीकडचे आणि उजवीकडचे जुळत होते, एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक. भावनानं नवा मापाडी आधी चालवला. त्यानं कागद नाकारला, माल मोजला, अठ्ठावीस लिहून दिले आणि मगच सोयरीक सुरू केली. कल्याण सर जेवायला म्हणून गेले. गाडी फाटकाबाहेर पडताना तिला दिसली.

तीनला भोंगा वाजला. पहिली पाळी निघाली, दुसरी आत आली. सुपरवायझर वहीत सही करत करत आला आणि मान वर न करता त्याचा हात स्विचकडं गेला, रोज जातो तसा.

भावनाचा हात आधीच स्विचवर होता.

"काढा ताई. पाळी बदलली."

"आज न्हाई."

"रोज करतो ओ. साहेबाची ऑर्डर हाय."

"म्हाइत हाय. आज न्हाई."

त्यानं मागं वळून बघितलं. तातेराव केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते सुपरवायझरला नीट कळलं नाही. त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला, हात खिशात घातला आणि पुढच्या मशीनकडं गेला.

भावनानं कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढलं, स्विचच्या पुढ्यात मांडलं आणि त्यावर बसली. मग पिशवीतून डबा काढून उघडला.